मुंबईत गाड्यांपासून लांब सायकल कुठे चालवायची?

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही नुकतेच प्रभादेवीला राहायला आलो. मी पंचेचाळिशीचा, मुलगी अकरा वर्षांची. सायकल दोघांनाही येते, पण मोटारींच्या गर्दीत शिरायचा धीर होत नाही. समुद्राकाठचं एवढं मोठं शहर आहे, तर गाड्या नसलेले सायकलमार्ग असतीलच. ते कोणते? आणि मुलीसाठी गिअरची सायकल घ्यावी का?'

आधी सरळ उत्तर देतो. घराजवळून सुरू होणारा, सलग, मोटारी अजिबात नसलेला आणि रोज वापरता येणारा सायकलमार्ग मुंबईत नाही. नकाशात काही हिरव्या रेघा दिसतील. त्यांच्या भरवशावर मुलीला घेऊन निघू नका. तरीही गाड्यांचा त्रास न होता इथे भरपूर सायकल चालवता येते. त्यासाठी रस्ता ठरवण्याआधी वार आणि वेळ ठरवायची. आणि जिथे एखादं फाटक किंवा खाडी मध्ये येऊन मोटारवाल्याला अडवते, तिकडे जायचं. सायकल फाटकातून आत जाते आणि बोटीतही चढते. मी गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी नवख्या मंडळींना घेऊन निघतो, त्यांत लहान मुलंही असतात. त्या अंदाजानेच पुढचं लिहितो आहे.

नकाशातल्या त्या रेघांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणी 'अहो, तिकडे ट्रॅक आहे की' म्हणालं तर फसायला होणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये खास सायकल ट्रॅक बांधले गेले. थोड्याच काळात तिथे चारचाकी आणि दुचाकी उभ्या राहू लागल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. संकुलाच्या आत ट्रॅक, पण वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनातून तिथवर सायकलने पोहोचायची सोय काहीच नाही. मग त्यावर सायकल येणार कुठून? रिकामी जागा मुंबईत रिकामी राहत नाही. शेवटी कोंडी कमी करण्यासाठी ते ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. पवई तलावाभोवतीच्या ट्रॅकचं काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. सायकलवाला असूनही मला तो निकाल योग्यच वाटतो. तलावात मगरी आहेत, काठ पाणथळ आहे. तिथे भराव घालून कुणाची सायकल चालायला हवी असं नाही.

तिसरी रेघ तानसाच्या जलवाहिनीची. तिच्याबद्दल मात्र हळहळ वाटते. शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या मुलुंडपासून सायन-धारावीपर्यंत वस्त्यांमधून जातात. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी तिच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायचा न्यायालयाचा आदेश होता, आणि त्या मोकळ्या जागेत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करायची योजना महापालिकेने २०१७ मध्ये जाहीर केली. या शहरात मोटारींच्या रस्त्याला न चिकटता एवढं लांब अंतर जाणारी मोकळी पट्टी जवळजवळ मिळतच नाही, म्हणून कल्पना उत्तम होती. पण तुकडे झाले, सलग मार्ग झाला नाही. मधला प्रत्येक मोठा रस्ता ओलांडायचा तर सायकल पुन्हा त्याच गर्दीत येते, आणि मुलीबरोबर नेमकं तेच नको आहे.

आता वाराकडे वळतो. रविवारी सकाळी रस्ते मोटारींना बंद ठेवायचे प्रयोग मुंबईत अनेकदा झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझच्या लिंकिंग रोडवर 'इक्वल स्ट्रीट्स' सुरू झालं. डिसेंबर २०१७ मध्ये नरिमन पॉइंट ते वरळी अशी रविवार सकाळची सायकल मार्गिका आखली गेली. मार्च २०२२ मध्ये पोलीस आयुक्त संजय पांडे यांच्या काळात 'संडे स्ट्रीट्स' आलं. प्रत्येक वेळी लोक उत्साहाने आले, पोरं स्केटिंग करत आली, आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध चालले. पण हे उपक्रम एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा चार संस्थांच्या हौसेवर उभे होते. हौस ओसरली किंवा बदली झाली की बॅरिकेड येईनासे होतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून हाच प्रकार चालतो. तिथे दर रविवारी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात आणि महापौर कुणीही असला तरी ते चालू राहतं. आपल्याकडे ती सवय लागलेली नाही. म्हणून अशा उपक्रमाची घोषणा झाली असेल तर जरूर जा, पण त्या भरवशावर महिन्याचं वेळापत्रक आखू नका.

त्यापेक्षा जे कुणी बंद न करताही आपोआप रिकामं होतं ते शोधा. माझ्या मते मुंबईतली सर्वांत चांगली मोटारमुक्त जागा म्हणजे रविवार पहाटेचा फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट. नवीन लोकांना हे खरं वाटत नाही, कारण त्यांनी तो भाग सोमवारी दुपारी पाहिलेला असतो. तिथे राहणारे थोडे आणि कामाला येणारे अफाट. रविवारी कचेऱ्या बंद, न्यायालय बंद, बँका बंद. बॅलार्ड इस्टेट तर १९१४ मध्ये पुऱ्या झालेल्या अलेक्झांड्रा डॉकसाठी खणलेली माती-दगड टाकून तयार केलेली जमीन. त्यामुळे ती अगदी सपाट आहे आणि गल्ल्या काटकोनात आखलेल्या. मुलीला वळताना हात दाखवायला, मागे वळून पाहायला, चौकात थांबायला शिकवायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. तिथल्या एकसारख्या दगडी इमारती वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या, गेटवे ऑफ इंडियासुद्धा त्यांचाच. मुलांना हे सांगितलं की सायकल थांबवून वर बघतात, नाहीतर सगळं लक्ष चाकाकडे असतं.

तिथे पोहोचायचं कसं? वरळी-हाजी अलीवरून सायकलनेच जाता येतं, पण पेडर रोडचा चढ आहे आणि तिथे मोकळा रस्ता मिळाला की गाड्या वेगाने येतात. मुलीबरोबर पहिले काही रविवार लोकलने जा. पहाटेच्या गाडीच्या मालडब्यात सायकल ठेवायची, सामानाचं तिकीट काढायचं आणि चर्चगेटला उतरायचं. परतताना मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा, नाहीतर दादरच्या पुलावर सायकल खांद्यावर घेऊन उभे राहाल.

चर्चगेटहून ओव्हलच्या कडेने काळा घोडा, तिथून हॉर्निमन सर्कल, मग बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्यांत मनसोक्त फेऱ्या, पुढे शहीद भगतसिंग मार्गाने गेटवे. दम असेल तर कुलाब्यात अफगाण चर्चपर्यंत जाऊन मागे फिरायचं; त्यापुढे नौदलाचा भाग आहे, तिथे हौशी सायकलवाल्याचं काम नाही. परतताना मादाम कामा रोडने मरीन ड्राइव्हला या. सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर होतं, अकरा वर्षांच्या मुलीला सहज जमतं.

वेळेबाबत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. रस्ता जितका पहाटे तितका सुरक्षित, हे मुंबईत खरं नाही. शनिवारची रात्र संपवून घरी निघालेले लोक मरीन ड्राइव्हवर पहाटे चारलाही असतात, आणि रस्ता रिकामा पाहून गाडी पळवतात. म्हणून साडेपाचच्या आधी निघू नका. सहा ते आठ हे दोन तास सोन्याचे. साडेआठनंतर नाश्त्याला निघालेल्या गाड्या सुरू होतात. शिवाय मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, तर मेअखेर सहालाच. हिवाळ्यात सहाला निघालात तर तासभर अंधारच असणार आहे, तेव्हा पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दोघांच्याही सायकलला हवाच.

मरीन ड्राइव्हवर सायकल रस्त्यावर चालवायची, कट्ट्यालगतच्या पदपथावर नाही. तो चालणाऱ्यांचा आहे, तिथे पोलीस हटकतात आणि त्यांचं चुकत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेने जाताना उभ्या असलेल्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा. मुंबईत सायकलवाला मागून आलेल्या गाडीला घाबरतो, पण त्याला पाडतं ते बहुधा अचानक उघडलेलं दार.

तुमच्या घरापासून सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे किनारी रस्त्यालगतचा नवा विहारमार्ग. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्या मुख्य रस्त्यावर सायकल आणि दुचाकी चालत नाहीत. पण त्याच्या समुद्राकडच्या अंगाला प्रियदर्शनी पार्कपासून वरळीपर्यंत साडेसात किलोमीटरचा, २० मीटर रुंदीचा विहारमार्ग आखला आहे. त्यातला सव्वापाच किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये चार भुयारी मार्गांसह लोकांसाठी खुला झाला. आराखड्यात तिथे सायकलींसाठीही जागा धरली आहे. तुम्ही प्रभादेवीहून वरळी नाक्यावरून वरळी सी फेसला या आणि बिंदुमाधव ठाकरे चौकाजवळून आत शिरा. भुयारातून सायकल हातात धरूनच न्यायची. आत गेल्यावर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला किनारी रस्ता, पण त्या रस्त्यावरून मोटार तुमच्या वाटेत येऊ शकत नाही.

याची माझ्या लेखी एक उणीव आहे: सावली नाही. मार्च ते जून सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी तिथे मुलांना नेऊ नये. संध्याकाळी चालणाऱ्यांची गर्दी होते, बाबागाड्या असतात, कुत्र्याला फिरवणारे असतात. तिथे वेग धरायचा नाही. सुरक्षारक्षकाने उतरायला सांगितलं की उतरायचं. सायकलवाल्यांनी हुज्जत घातली की पहिली पाटी सायकलबंदीचीच लागते, आणि मग ती कुणी काढत नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा भिंतीवरून येतात, त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

राजीव गांधी सागरी सेतू आणि अटल सेतू या दोन्हींवर सायकलला बंदी आहे. अधूनमधून कुणीतरी 'पहाटे कोण बघतंय' म्हणून जातो आणि त्याचा व्हिडिओ फिरतो. तसल्या धाडसाला मी कुणाला नेत नाही.

आता फाटकाच्या आतली जागा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि शहराच्या हद्दीत आहे. सोमवारी बंद असतं, बाकी दिवस सायकलसाठी तिकीट काढून आत जाता येतं. स्वतःची सायकल नसेल तर प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते. पण त्या सायकलींचे ब्रेक आधी दाबून बघा. आतला कान्हेरीचा रस्ता पाच-सहा किलोमीटरचा आहे. सुरुवातीला झाडीतून जवळजवळ सपाट, शेवटी चढ. मुलं शेवटच्या भागात उतरून ढकलतात, ढकलू द्या. वर कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. सायकल खाली लावून पाण्याची टाकी आणि चैत्यगृह दाखवलं की ढकलण्याचे कष्ट वसूल होतात. या रस्त्यावर पर्यटकांच्या बस जातात, तेवढं सोडलं तर शहरातली वाहतूक तिथे नाही. माकडांची काळजी घ्या. हँडलला खाऊची पिशवी लटकवलीत की ती तुमची राहिली नाही असं समजा. आणि बिबट्याचं जंगल आहे, तेव्हा ऊन कलायच्या आत बाहेर. उतारावर येताना मुलीला पुढे न सोडता तुम्ही पुढे राहा; मुलं उतारावर ब्रेक विसरतात.

तुम्हाला दादरहून लोकलने बोरिवली सोपं पडेल, स्टेशनच्या पूर्वेकडून फाटक जवळ आहे. अंधेरी-दहिसर पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी चांगली सोय आहे: मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर एप्रिल २०२२ पासून सायकल नेता येते, आणि मेट्रो ७ वर चक्क 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्टेशन आहे. लिफ्ट आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मुंबईत सायकलसाठी बांधलेल्या कुठल्याही ट्रॅकपेक्षा या एका परवानगीने जास्त काम केलं असं माझं मत आहे.

गोरेगावच्या आरेबद्दल तुम्हाला बरेच जण सांगतील. झाडी सुंदर आहे, पण गोरेगाव ते मरोळ-पवई हा आतला मुख्य रस्ता सगळे आडवाट म्हणून वापरतात. रविवारी सहा ते साडेसात ठीक, एरवी नाही. इथेही बिबटे आहेत, तेव्हा नीट उजाडल्यावरच.

सर्वांत जास्त मजा आहे ती पाणी ओलांडून जाण्यात. मुंबईच्या उत्तरेकडे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्या आहेत: मढ, मनोरी, गोराई, उत्तन. मोटारीने तिथे जायचं तर मालाड किंवा भाईंदरवरून मोठा वळसा पडतो. बोटीने मात्र वर्सोव्याहून मढला काही मिनिटांत उतरता येतं, मार्वेहून मनोरीलाही तसंच. सायकल बोटीत चढवायला खलाशी हात देतात, सायकलचं थोडं जास्त भाडं घेतात. वळसा मोटारवाल्याला, आडवाट आपल्याला. या शहरात असं दुसरीकडे कुठे होत नाही.

मुलीबरोबर मढ-मार्वे रस्ता मी पहिल्यांदा सुचवणार नाही. तो अरुंद आहे, त्यावर बेस्टची बस आणि चित्रीकरणाच्या व्हॅन असतात. सरळ मार्वेला जाऊन मनोरीची बोट धरा. पलीकडे उतरलात की आवाजच बदलतो. मनोरीहून गोराई, गोराईहून उत्तन असा गावातला रस्ता. कोळीवाडे, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या वस्त्या, प्रत्येक वळणावर क्रूस, आणि पावसाळा सोडून गेलात तर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास तुमच्या मुलीला आवडेल की नाही ते तिच्यावर. माझ्या गटातली निम्मी मुलं नाक धरतात आणि निम्मी भूक लागली म्हणतात. रविवारी दहानंतर बीचवर येणाऱ्या मोटारसायकली वाढतात, तोवर परतीच्या वाटेला लागा. परत येताना गोराईच्या जेट्टीवरून बोरिवलीची बोट आहे, तिथून स्टेशन गाठून लोकल.

दोन-तीन महिन्यांत पाय तयार झाले की हेच पुढे वाढवता येतं. उत्तनहून भाईंदरला उतरायचं आणि वसईची रो-रो, म्हणजे वाहनं थेट आत चढवता येणारी बोट, पकडायची. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने जे अंतर अडतीसेक किलोमीटर होतं ते पाण्यावरून चारसुद्धा नाही. वसईला उतरल्यावर चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतलेला किल्ला, आणि किल्ल्यातल्या वाटांवर सायकल चालवायला जी शांतता मिळते ती फोर्टातसुद्धा नाही. त्यापुढे भुईगाव, अर्नाळ्याकडच्या वाड्यांमधल्या गल्ल्या. परतीला वसई रोडहून लोकल.

दक्षिणेला जायचं तर भाऊचा धक्का. मार्च २०२० मध्ये इथून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. ती तासाभरात पोहोचवते आणि सायकल उचलावी लागत नाही, चालवत आत नेता येते. प्रभादेवीहून परळ-शिवडीवरून रविवारी पहाटे धक्क्यावर पोहोचणं फार कठीण नाही, मात्र बंदराच्या भागात ट्रक असतात. मुलीला टॅक्सीने आणि सायकलींना टेम्पोने पाठवलं तरी त्यात कमीपणा नाही. उरणला, म्हणजे मोऱ्याला जाणारी लाँचही याच धक्क्यावरून सुटते. ती घेऊ नका. उरणच्या रस्त्यांवर न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर रात्रंदिवस धावतात.

मांडव्याला उतरलात की सगळ्या मोटारी एका झुंडीने बोटीतून बाहेर पडतात. दहा मिनिटं चहा घ्या, त्यांना जाऊ द्या. मग चोंढीकडचा मोठा रस्ता सोडून सासवने, आवास, किहीम असा वाड्यांमधला रस्ता धरा. सासवन्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. तिथली म्हैस आणि माणसं पाहून मुलं हात लावायला धावतात, त्यांना आवरा. किहीमला सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. सुगरणीची घरटी पावसाळ्यात विणली जातात, पण मोकळी लोंबणारी घरटी पुढेही दिसतात.

अलिबागच्या बाजूला आणखी एक रस्ता आहे, तो दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा बुडतो. अक्षी, नागाव, वरसोली इथली ओहोटीची ओली वाळू इतकी घट्ट असते की साध्या टायरची सायकलही चालते. त्यासाठी भरती-ओहोटीचं गणित हवं. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या दरम्यान येते, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे पाच-सहाच्या सुमाराला, आणि त्या दिवशी पाणी सर्वांत लांब जातं. पहाटे सायकल चालवणाऱ्याला हेच हवं असतं. म्हणून अलिबागची सहल पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासच्या शनिवार-रविवारी आखा, आदल्या दिवशी मुक्कामाला जा. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. पाणी परत वळलं की लगेच वर यायचं, 'अजून एक फेरी' म्हणायचं नाही. मोटारी तिथेही आणणारे असतात, आणि त्या वाळूत रुतल्याच्या बातम्याही दरवर्षी असतात.

समुद्रावरून आल्यावर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा आणि साखळीला तेल द्या. खारं पाणी दोन दिवसांत साखळी लाल करतं. वरळीच्या विहारमार्गावरही हवेत खार असतोच, तेव्हा प्रभादेवीत राहून साखळीचं तेल महिन्यातून दोनदा तरी लागणार.

पावसाळ्यात मी मुलांना रस्त्यावर नेत नाही. भिजण्याचं काही नाही, पण पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, पेव्हर ब्लॉकवर चाक सरकतं, आणि गटाराच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेने असल्या तर चाक अडकतं. जूनमध्ये बोटीही बेभरवशाच्या होतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंदच असतात आणि रो-रो हवामान बघून चालते. ऑक्टोबरच्या उकाड्यात लांबचं काही नको. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मनासारखं फिरा. फक्त ज्या सकाळी धुरकं खाली बसलेलं दिसेल, समोरची इमारतही अंधूक असेल, त्या दिवशी घरी थांबा. जोरात श्वास घेत तासभर ती हवा ओढण्यात तब्येतीचा फायदा नाही.

तुम्ही कुठून सुरुवात करावी? पहिले दोन रविवार दादर पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सच्या गल्ल्या. झाडं आहेत, घरापासून जवळ आहे, रस्ता गोल फिरून तिथेच येतो. मुलीला एका हाताने सायकल सरळ चालवता आली आणि मागे पाहताना ती वाकडी गेली नाही की वरळीचा विहारमार्ग, मग फोर्ट. कान्हेरी त्यानंतर. बोटीची वेळ ती स्वतः विचारू लागेल तेव्हा मनोरी.

गिअरचं म्हणाल तर मुलीला सध्या नको. वर सांगितलेल्या जागांत कान्हेरीचा शेवटचा चढ सोडला तर गिअर लागेल असं काही नाही, आणि खाऱ्या हवेत गिअरचा खर्च व कटकट जास्त. अकरा वर्षांच्या सरासरी उंचीच्या मुलीला २४ इंची चाकांची साधी सायकल बसते. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. 'दोन वर्षं चालेल' म्हणून मोठी सायकल घेऊ नका, तिला ती आवरणार नाही. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, दोन दिवे आणि एक खणखणीत घंटी घ्या. तुमची स्वतःची सायकल सहा-सात गिअरची असली तर बरं, कारण परतीच्या वाटेवर मुलीची पिशवी, पाण्याची बाटली आणि बोटीवर घेतलेलं जे काय असेल ते तुमच्याच कॅरिअरवर येणार आहे.